अंगठा घेण्याआधी

“सदर संशोधन प्रकल्पातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेऊ शकता, तसे केल्यास आपणांस मिळणाऱ्या वैद्यकीय सेवांवर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.”

हे वाक्य शुद्ध मराठीत आहे. वकिलाला दाखवलं तरी त्यात खोट सापडणार नाही. काही वर्षांपूर्वी मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावर, ओसरीत बसून, मी ते एका पन्नाशीच्या बाईंना सावकाश वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मंग अंगठा कुठं लावू?”

“मावशी, काय कळलं तुम्हाला?”

“दवाखान्याचं हाय नव्हं? मंग लावावंच लागतंय.”

मी ‘ऐच्छिक’ म्हणाले होते आणि त्यांच्या कानापर्यंत ‘सक्तीचं’ पोचलं होतं. मी कागद पिशवीत ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. “मावशी, हे तुमच्या मनावर हाय. रगत द्यायचं नसंल तर नगं म्हना. उद्या लेकराला ताप आला अन् तुम्ही दवाखान्यात आलाव, तर कुनी तुम्हाला माघारी लावनार न्हाई.” शेजारी बसलेल्या त्यांच्या सुनेनं तेच गोरमाटी बोलीत सांगितलं. तेव्हा कुठे मावशींनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. किती रगत घेणार? त्याचं काय करणार? आमचं नाव कुठं लिहून ठेवणार का? मग म्हणाल्या, मालकाला विचारते, उद्या या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की प्रश्न काय विचारायचे ते विचारा, रगत देणार नाही. आम्ही तसंच लिहून घेतलं. आदल्या दिवशी मिळाला असता तो अंगठा खोटा होता आणि दुसऱ्या दिवशी मिळालेला नकार खरा होता, हे मला त्या ओसरीवर कळलं.

नवी लस असो, नवं औषध असो किंवा साधी आरोग्य पाहणी असो, जगात कुठेही ती लोकांच्या दारात जाते तेव्हा असा एक क्षण येतो. कागदावरची संमती आणि मनातली संमती यांत जे अंतर असतं, ते ओळखणं आणि भरून काढणं हे एक रीतसर काम आहे. त्यासाठी समाजशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेली माणसं नेमली जातात, त्यांना पगार मिळतो, त्यांची पदं असतात, त्यांचे शोधनिबंध छापून येतात. या कामाला इंग्रजीत ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ म्हणतात, आपण लोकसंवाद म्हणू. त्याचं जुळं भावंड म्हणजे आरोग्यातली नीती, ‘हेल्थ एथिक्स’. उपचारात आणि संशोधनात ज्यांचा आवाज लहान आहे त्यांच्यावर अन्याय होत नाही ना, हे पाहायचं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला याव्या लागतात.

नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरात किंवा लातूरच्या ट्यूशन एरियात या कामाचं नाव कुणाच्या तोंडी नाही. तिथे दोनच प्रश्न फिरत असतात : ग्रुपला किती पडले, आणि रिपीट करणार का? २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. एमबीबीएसच्या सरकारी आणि खासगी मिळून जागा एक लाखाच्या थोड्या वर. साधारण बावीस मुलांत एक. लातूर पॅटर्नचा मला मनापासून आदर आहे. शेतकऱ्याच्या, प्राथमिक शिक्षकाच्या, छोट्या दुकानदाराच्या घरात त्यानं डॉक्टर आणले. पण आरोग्याच्या क्षेत्रात शिरायला एकच दार आहे असं या दोन शहरांनी धरून ठेवलंय, आणि तिसऱ्यांदा रिपीट करणारी, मेसच्या डब्यावर आणि अभ्यासिकेच्या खुर्चीवर विशीतली वर्षं घालवणारी मुलं मी पाहते तेव्हा मला हे बोलल्याशिवाय राहवत नाही. दुसरं दार आहे, आणि ते मराठवाड्यातच तीस वर्षांपूर्वी उघडलं होतं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटली होती, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. किल्लारीचा भूकंप. औसा-निलंगा भागात आणि शेजारच्या उमरगा-लोहाऱ्याकडे मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. हे सगळं आपल्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. त्यानंतर काय झालं, त्यातला एक भाग मात्र विसरला गेलाय.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. त्याशिवाय सुमारे १३०० गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती. इंजिनिअर होते, पैसा होता, सिमेंट होतं. पण भिंतीच्या आरपार दगड कशाला बसवायचे, हप्ता कधी मिळणार, खात्यावर नाव नवऱ्याचं की बायकोचं, हे घरोघर समजावणार कोण? शासनानं लोकसहभागाचं काम टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ अशा संस्थांकडे दिलं. दुरुस्तीच्या गावांत गावातल्याच बायका नेमल्या गेल्या. त्यांच्या पदाचं नाव होतं ‘संवाद सहायक’.

ते नाव नीट वाचा. आज परदेशी विद्यापीठांच्या जाहिरातींत ‘कम्युनिटी एंगेजमेंट ऑफिसर’ म्हणून जे पद दिसतं, त्याला १९९०च्या दशकात आपल्या गावांत इतकं सरळ मराठी नाव होतं. आणि त्या जागेवर कोण होतं? ज्या बायका चावडीपुढून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढायच्या, त्या इंजिनिअरला विचारू लागल्या की वाळूत माती का दिसते. तुमच्या ओळखीत औसा, निलंग्याकडची एखादी आजी संवाद सहायक होती का, हे विचारून पाहा.

नव्यानं वसवलेल्या गावांनी दुसरा धडा दिला. किल्लारी आणि आसपासची नवी गावं पाहिली असतील तर आठवेल : सरळ रेषेतले रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, घर आणि घर यांत अंतर. नकाशावर ते छान दिसतं. पण जुन्या गावात ओट्यावर बसून समोरच्या घरातल्या म्हातारीवर लक्ष ठेवता यायचं, लेकरू शेजारी टाकून शेतात जाता यायचं. ग्रामसभेत सगळ्यांना विचारलं, असं नोंदीत लिहिता येतं. पण ग्रामसभेत बोललं कोण? पुढे बसलेले पाच-सात जण. लेकरू सांभाळणारी, पाणी भरणारी, गावाच्या कडेला राहणारी माणसं मागे उभी होती. विचारणं आणि सगळ्यांना विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला हा फरक आधी दिसतो, कारण गावात शिरतानाच त्याचा डोळा कोण कुठे बसलंय इकडे जातो.

आरोग्याच्या कामात या भागानं आणि शेजारच्या जामखेडनं आणखी बरंच दिलं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं अशा बायकांना ‘भारतवैद्य’ असं मानाचं नाव दिलं. २००७पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं त्याचा समन्वय केला. गावकरी प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपत्रक भरायचे, हिरवा, पिवळा, लाल असे रंग द्यायचे, आणि मग जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते वाचलं जायचं. प्रगतिपत्रक मुलांचं असतं हे माहीत होतं. दवाखान्याचंही असतं हे त्या गावांनी दाखवलं. अशी पत्रकं तयार करणं, त्यातला प्रश्न चुकीचा पडू नये म्हणून गावात आधी तपासून घेणं, सुनावणीत भांडण न होता उत्तर मिळेल असं पाहणं, हे सगळं काम शिकलेल्या माणसाचं आहे.

आता नीतीकडे येते. देशात कुठेही नव्या औषधाची चाचणी करायची तर २०१९च्या नियमांनुसार नीती समितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात सदस्य हवेत आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक, एक स्त्री सदस्य, आणि एक स्वतंत्र सदस्य असा की जो समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार असेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच बैठक आहे. आरोग्याविषयीच्या सामाजिक संशोधनासाठी त्यांत वेगळं प्रकरण आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांचे प्रबंध होतात, आणि प्रत्येक प्रबंधात आपल्याच जिल्ह्यातली माणसं असतात. त्या प्रबंधांना मंजुरी देणाऱ्या नीती समितीच्या टेबलावर ही खुर्ची कायद्यानं राखून ठेवलेली आहे. पालकांनी गैरसमज करून घेऊ नये, या खुर्चीवर पगार नसतो, बैठकीचं मानधन असतं. पण त्या खुर्चीवर बसण्याइतकी समज ज्या अभ्यासातून येते, त्या अभ्यासावर पगाराची कामं मिळतात.

ही समज नसली तर काय होतं, त्याचं उदाहरण २००९चं आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लसीचा एक प्रकल्प तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे सुरू झाला. दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे २४ हजार मुली. खम्मममधल्या कितीतरी मुली आदिवासी, वसतिगृहांत राहणाऱ्या. हजारो संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी वॉर्डननी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले. लसीमुळे ते झाले नाहीत, असं चौकशीत सांगण्यात आलं. तरी एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कठोर अहवाल दिला. माझं मत स्पष्ट आहे : लस वाईट नव्हती, विचारण्याची पद्धत वाईट होती. एका उपयोगी लसीवरचा विश्वास गेला तो वॉर्डनच्या सहीनं. किनवट-माहूरच्या आश्रमशाळांत उद्या कुठलाही कार्यक्रम न्यायचा असेल, तर खम्ममची ही गोष्ट माहीत असलेला माणूस सोबत लागेल.

याच्या उलट उदाहरण पुण्याचं. फेब्रुवारी २००५मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत देशातली पहिली एचआयव्ही लस चाचणी सुरू झाली, ३० निरोगी स्वयंसेवकांवर. टोचण्याच्या खूप आधीपासून समाजातल्या प्रतिनिधींचं सल्लागार मंडळ होतं, संस्था-संघटनांशी बोलणी चालू होती. अशा चाचणीत एक प्रश्न असा असतो जो प्रयोगशाळेत सुचत नाही. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली तर साध्या तपासणीत तो एचआयव्ही बाधित असल्यासारखा दिसू शकतो. त्याला रोग नाही, पण लग्न ठरताना, नोकरीच्या तपासणीत, विम्याच्या अर्जात तो काय सांगणार? हा प्रश्न आधी विचारणं आणि त्याची सोय लावून ठेवणं, हे समाजशास्त्रज्ञाचं काम. लस शेवटी पुढे गेली नाही, पण कसं विचारावं याचा पाठ राहिला.

आपल्या अंगणातला प्रश्न तर आणखी नाजूक आहे. बीड, लातूर, नांदेडमधून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याचं प्रमाण खूप आहे, हे २०१९ साली सगळ्यांसमोर आलं. बीड जिल्ह्यात ८२ हजारांच्या आसपास बायकांची पाहणी झाली आणि तेरा हजारांहून जास्त बायकांची शस्त्रक्रिया झालेली निघाली. बातमी बाहेर येणं गरजेचं होतं. पण एका गावाचं नाव घेऊन ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ अशा मथळ्याखाली ते जगभर छापलं गेलं. त्या गावच्या मुलींच्या सोयरिकीचं काय झालं असेल? मी इथे गावाचं नाव लिहीत नाही. आकडा सांगायचा आणि माणूस झाकायचा, हे या कामातलं रोजचं कौशल्य आहे.

तसंच ऑक्टोबर २०२३च्या सुरुवातीचं. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं होती. चर्चा औषधांच्या साठ्याची आणि डॉक्टरांच्या संख्येची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण आणखी प्रश्न आहेत. त्या माता कोणत्या गावांतून निघाल्या, मध्ये किती दवाखाने लागले, कुठे पैसे संपले, कुठे ‘नांदेडला न्या’ असं सांगितलं गेलं, परभणी-हिंगोलीहून आणि तेलंगणाच्या सीमेपलीकडून लोक याच दारात का येतात? ही उत्तरं केसपेपरवर नसतात. घरी जाऊन, दुःखात असलेल्या आईशी बोलून ती मिळवावी लागतात, आणि तिला आणखी न दुखावता.

जगभर हीच विद्या लागते. केनियात किलिफी इथे मोठं संशोधन केंद्र आहे. तिथे रक्ताचे नमुने घेतात म्हणून गावांत अफवा पसरल्या, लोक संशोधकांना भिऊ लागले. केंद्रानं गावागावांतून लोकप्रतिनिधी निवडून घेतले, नियमित बैठका सुरू केल्या, आणि समाजशास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, ११ हजारांहून जास्त माणसं गेली. मृताला हातानं अंघोळ घालण्याची रीत होती आणि त्यातूनच रोग पसरत होता. पथकं प्रेत ताब्यात घ्यायची, लोक प्रेत लपवायचे. मानववंशशास्त्रज्ञांनी घरच्यांना विचारून, प्रार्थना आणि निरोप यांना जागा ठेवून सुरक्षित दफनाची रीत बसवायला मदत केली. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन’ अशी नियमावलीच काढली. कोविडच्या लाटेत आपल्याकडे लांबून हात जोडावे लागलेल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मुख्य प्रश्न : शिकायचं काय आणि कुठे?

बारावीला शाखा कुठलीही चालते. विज्ञान शाखेची, नीट देऊन थांबलेली मुलं आली तर उलट बरं, त्यांना जीवशास्त्र येतं. बीए समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी ही सरळ वाट. बीएस्सी नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांनाही पुढे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणातून इकडे वळता येतं. नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. पदवीला घर सोडायलाच हवं असं नाही. पदव्युत्तरला मात्र शक्य असेल तर बाहेर पडा. टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) मुंबईत आहे आणि तिचा ग्रामीण परिसर तुळजापूरला आहे. मुंबईतच देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आपण वाचतो, त्याची सूत्रं पहिल्या फेरीपासून, १९९२-९३पासून, तिथून हलतात. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा मानववंशशास्त्र विभाग आणि कर्वे समाजसेवा संस्था, दिल्लीत जेएनयूचं सामाजिक वैद्यक आणि सामुदायिक आरोग्य केंद्र, त्रिवेंद्रमला अच्युत मेनन केंद्र. टिस आणि जेएनयूचे पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी परीक्षेतून होतात. कोणत्या वर्षी कोणता अभ्यासक्रम चालू आहे ते संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. कोचिंगच्या पत्रकावर विसंबू नका.

नीतीचा अभ्यास सुरू करायला पैसे लागत नाहीत. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ हे नियतकालिक १९९३पासून मुंबईहून निघतं आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतं. मुंबईच्याच ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नीतितत्त्वं निघाली, तीही मिळतात. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आरोग्य संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम आहे.

एका गोष्टीकडे मात्र आपल्या जिल्ह्यांतली मुलं स्वतःच दुर्लक्ष करतात. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या मुलाला तेलुगू येते. उदगीर, देवणीच्या मुलीला कानडी कळते. नांदेडच्या जुन्या वस्तीत दखनी उर्दू येत नाही असा माणूस विरळा. तांड्यावरच्या पोराला गोरमाटी, किनवटच्या पाड्यावरच्या मुलीला गोंडी किंवा कोलामी. कॉलेजात गेल्यावर ही मुलं त्या भाषा लपवतात. मुखेडच्या त्या ओसरीत माझी पदवी कामाला आली नव्हती, सुनेची गोरमाटी आली होती. मोठ्या संस्थेतली इंग्रजी पक्की असलेली संशोधक जे दुभाष्याशिवाय करू शकत नाही, ते तुमच्या घरात बसून येतं. इंग्रजी दोन-तीन वर्षांत कमावता येते, आणि ती कमवावीच लागेल, कारण शोधनिबंध आणि अर्ज इंग्रजीत असतात. पण आजीच्या भाषेत प्रश्न विचारणं मोठेपणी शिकता येत नाही.

लातूरच्या एका वडिलांनी मला विचारलं होतं, “मॅडम, लोक काय म्हणतील ते सोडा. पोरगी खाणार काय?” प्रश्न रास्त आहे, उत्तरही स्पष्टच द्यायला हवं. सुरुवात बहुधा प्रकल्पावरच्या नोकरीनं होते : फील्ड इन्व्हेस्टिगेटर, रिसर्च असिस्टंट, समन्वयक. पगार नव्या डॉक्टरपेक्षा कमी असतो आणि नोकरी प्रकल्पापुरती असते. निधी संपला की दुसरं काम शोधावं लागतं. या क्षेत्राचं हेच खरं दुखणं आहे आणि ते तुमच्यापासून लपवणारा मार्गदर्शक तुमचा नाही. आरोग्य अभियानातली जिल्हा समूह संघटक, तालुका समूह संघटक ही पदंही कंत्राटी आहेत. कायमस्वरूपी म्हणावं तर शासकीय रुग्णालयांतलं समाजसेवा अधीक्षकाचं पद, त्याला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते. शिवाय नेट-सेट करून प्राध्यापकी. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७ हजार रुपये आणि पुढे ४२ हजार रुपये फेलोशिप मिळते, वर घरभाडं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्याही पीएचडीच्या फेलोशिप आहेत. पीएचडीनंतर मात्र चित्र बदलतं. लस चाचण्या, साथीचे रोग, हवामान आणि आरोग्य या विषयांवर देशी-परदेशी संस्थांना अशी माणसं हवी असतात. म्हणजे ही वाट आठ-दहा वर्षांची आहे. पण एमबीबीएस, मग एमडी, त्याआधीचे दोन रिपीट हे मोजलंत तर तीही तेवढीच होते.

मुलगी गावोगाव फिरणार, ही आईची काळजी मी हलकी समजत नाही. नोकरी घेताना संस्थेला विचारा : फील्डवर दोघी जातात का, प्रवासाची सोय कोणाची, रात्री मुक्काम कुठे, विमा आहे का. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं मागा. चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही.

मुलामुलींना कल आहे की नाही, हे कुठल्याही चाचणीपेक्षा एका सुट्टीत कळेल. तुमच्या गावच्या आशाताईंची परवानगी घेऊन एक आठवडा त्यांच्यासोबत फिरा. तोंड कमी उघडा. रोज रात्री वहीत लिहा की कोणत्या घरात कोण बोललं, कोण गप्प बसलं, कोण हो म्हणालं पण मनातून नाही म्हणत होतं. कुणाचं खरं नाव लिहू नका. आठव्या दिवशी वही वाचून पुन्हा त्या घरांत जावंसं वाटलं, तर हा विषय तुमचा. कंटाळा आला तर तेही बरंच झालं, आठ दिवसांत समजलं.

आणि पालकहो, तुम्ही वर्षातून एकदा तरी तुळजापूरला आईच्या दर्शनाला जाताच. यंदा जाताना मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या, दोन तास हातात राखून ठेवा, आणि दर्शन झालं की टाटा संस्थेच्या परिसरात जाऊन तिथे शिकणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलांशी बोला. प्रश्न तुम्ही विचारू नका, त्याला किंवा तिला विचारू द्या.